बारीक अक्षरांची भिंत

हॅडन हाऊसमध्ये १८३२ नंतरचं काही खपत नसे. काही घरांत सोवळं पाळतात, तसं तिथं साल पाळत. दारांच्या पितळी मुठी १८३२ च्या. जेवणघराचा हिरवा रंग १८३२ चा, आणि तो नेमका कुठला हिरवा हे ठरवायला चार तज्ज्ञ आणि सात वर्षं लागली होती. पुढं कधीतरी एका हॅडनबाईंनी जिन्याच्या खिडकीला हौसेनं रंगीत काच बसवून घेतली होती. ती १८९० ची निघाली म्हणून तिची रवानगी तळघरात झाली.

अमेरिकेतल्या सव्हाना शहरात अशी म्युझियम झालेली घरं पायलीची पन्नास आहेत आणि प्रत्येकाचं आपलं एक साल आहे. पलीकडच्या चौकातलं घर १८१९ वर थांबलंय, कोपऱ्यावरचं १८५८ वर. त्या सालानंतरही तिथं माणसं जन्मली, आजारी पडली, एकमेकांशी भांडली, हा तपशील म्युझियमवाल्यांना अडचणीचा वाटतो. एकदा साल ठरलं की आधीचा तो इतिहास आणि नंतरची ती अडगळ.

व्हर्नेल पोलाइट हा नियम कोळून प्यायली होती. १९९० मध्ये ती तिथं लागली, तेव्हा गाइड बायका घेरदार झगे घालून पाहुण्यांना चांदीची भांडी दाखवायच्या आणि हॅडनांनी विकत घेतलेल्या माणसांना ‘नोकरमंडळी’ म्हणायच्या. व्हर्नेल तिथली पहिली काळी गाइड. झगा घालायला तिनं पहिल्याच दिवशी नकार दिला. ‘नोकरमंडळी’ हा शब्द जाऊन तिथं ‘गुलाम’ यायला मात्र नऊ वर्षं गेली. तोवर ती सगळ्या गाइडांची प्रमुख झाली होती, आणि पाहुण्यांना काय सांगायचं याची वही तिच्या हातात आली होती.

मग तिनं अंगणापलीकडचं मागचं घर धरलं. विटांचं, दोन मजली. खाली पूर्वी तबेला होता, तिथं आता पोस्टकार्डं आणि अक्रोडासारख्या पिकानच्या वड्या विकायचं दुकान होतं. वरच्या खोलीत नाताळच्या सजावटीची खोकी ठेवलेली. १८३२ मध्ये त्या खोलीत नऊ माणसं झोपत होती. ती खोली लोकांना दाखवा, असं व्हर्नेल म्युझियमच्या बोर्डाला अठरा वर्षं सांगत होती. बोर्डावरची मंडळी दर वर्षी मान हलवत आणि पुढच्या विषयाकडं वळत. शेवटी त्यांना कंटाळा आला, का काळ बदलला, कोण जाणे. पण २०१७ मध्ये होकार मिळाला.

या खोलीशी व्हर्नेलचं आणखीही एक नातं होतं, ते ती कुणाला फारसं सांगत नसे. तिची आई ओनेटा १९२७ मध्ये याच खोलीत जन्मली होती. आजी हेस्टर ही शेवटच्या हॅडनबाईंची स्वयंपाकीण. १९५३ मध्ये त्या बाई वारल्या, शहरातल्या थोरामोठ्यांच्या बायकांनी मंडळ काढून म्युझियमसाठी घर विकत घेतलं, आणि हेस्टर नि ओनेटाला पंधरा दिवसांत खोली सोडायला सांगितलं. तेव्हापासून ओनेटानं त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. बाजारात जाताना ती अख्ख्या चौकाला वळसा घालून जायची. मुलीनं तिथंच नोकरी धरली, तेव्हा तीन आठवडे ती जेवणाच्या टेबलावर एक शब्द बोलली नाही. मग बोलायला लागली, पण त्या घराबद्दल नाही. मायलेकींनी ते न ठरवताच ठरवून टाकलं. एकोणसाठ साली वडील गेल्यापासून दोघी एकत्रच राहत होत्या, आणि त्या घराचा विषय सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर त्यांचं वाजत असे.

तर नाताळची खोकी निघाली, आणि मागं भिंती दिसल्या त्या वर्तमानपत्रांनी मढवलेल्या. जमिनीपासून छतापर्यंत, कणकेच्या खळीनं चिकटवलेली पानं, पिवळी पडून पापडासारखी झालेली. गिलाव्याची जुनी कामं करणारा डेल्मार रिक्स यानं एक कोपरा उचकटला, तर खाली निळा रंग. चुन्यात कालवलेला, जागोजाग विटलेला, पण निळाच. वाईट काही घरात शिरू नये म्हणून इकडची गुलाम माणसं दारांना, भिंतींना हा रंग देत. व्हर्नेलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या नऊ जणांच्या हातचं काहीतरी इतक्या वर्षांनी समोर आलं होतं.

त्याच संध्याकाळी तिनं अहवाल लिहिला. वर्तमानपत्रं १९३१ ते ३३ मधली, वारा अडवायला लावलेली, मिळतील ती पानं, कशीही, महत्त्व नाही, काढावीत. खाली सही केली, व्हर्नेल एम. पोलाइट. साल १८३२ असताना १९३१ चा कागद ठेवायचा कशाला, हा प्रश्नसुद्धा तिला पडला नाही.

डेल्मार वाफेचं यंत्र आणि रुंद पातं घेऊन कामाला लागला. भिजलेल्या कागदाचा लगदा काळ्या पिशव्यांत भरून खाली जायचा आणि सोमवारी कचऱ्याची गाडी तो घेऊन जायची. तीन आठवड्यांत तीन भिंती निळ्या झाल्या.

घरी व्हर्नेलला राहवेना. इतक्या वर्षांचा अबोला मोडून तिनं एका सकाळी आईला सांगितलं, की मागच्या खोलीच्या भिंती निळ्या निघाल्या. आई म्हणाली, माझ्या वेळी काही निळ्या नव्हत्या. व्हर्नेलला वाटलं, वय झालंय, विसरली असेल. मग तिनं त्या नऊ जणांची नावं सापडल्याचं सांगितलं, उद्घाटनाला ती मोठ्यानं वाचून दाखवणार असल्याचं सांगितलं. आई कॉफी ढवळत म्हणाली, की गर्दी व्हायच्या आत एकदा बघून येईन. व्हर्नेल इतकी हरखली, की आई मुळात का यायचं म्हणतेय हे विचारायचंही राहून गेलं.

गुरुवारी अकराच्या सुमारास ती आईला घेऊन आली. चौदा पायऱ्यांचा अरुंद जिना चढायला एक्याण्णव वर्षांच्या बाईला दहा मिनिटं लागली. वर डेल्मार चौथ्या भिंतीला भिडला होता. खालचा अर्धा भाग सोलून झाला होता, कंबरेच्या वर कागद अजून शाबूत होता. त्यानं टोपी काढली आणि ‘या, मिस ओनेटा’ म्हणून खुर्ची पुढं केली.

आई खुर्चीकडं गेली नाही. दारातच थांबली.

“कागद कुठायत?”

“काढले ना, आई,” व्हर्नेल म्हणाली. “खालचा निळा बघ. दोनशे वर्षांचा आहे.”

आईनं निळ्याकडं पाहिलंच नाही. काठी टेकत ती उरलेल्या कागदापाशी गेली, चष्मा न लावताच तिनं एका जागी बोट ठेवलं आणि म्हणायला लागली. लिव्हरपूल, कापूस, मध्यम प्रत, मंदी. न्यू ऑर्लिन्स, मंदी. बंदरात आलेली जहाजं, त्यांची नावं, कप्तानांची नावं. डेल्मार वाकून तिच्या बोटाखालचं वाचत होता. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता.

“इथं मी उभ्यानं अभ्यास करायची,” आई म्हणाली. “शाळेत जायच्या आधी मला वाचता येत होतं ते या भिंतींमुळं.”

“आजीनं शिकवलं?”

“तुझ्या आजीला कुठं वाचता येत होतं? बर्फवाला यायचा, तो जिना चढून वर आला की एकेक अक्षर सांगून जायचा. तुझ्या आजीच्या हातचा भात मिळायचा ना त्याला.”

डेल्मारला केव्हापासून एक गोष्ट छळत होती, ती त्यानं आता विचारली. “मिस ओनेटा, सगळी पानं बाजारभावाची नि जहाजांचीच कशी? तीन भिंती सोलल्या मी. एक चित्र नाही, एक जाहिरात नाही. टोपीवाली एक बाई दिसेल तर शपथ.”

लहान मुलाला सांगावं तसं आईनं त्याला सांगितलं. “हडळ खोलीत आली ना, की भिंतीवर जे काही लिहिलंय ते अक्षरन् अक्षर तिला वाचावंच लागतं. त्याशिवाय तिला माणसाच्या उरावर बसता येत नाही. वाचता वाचता उजाडलं की गेली. आता तूच सांग, चित्र लावून काय फायदा? चित्र एका नजरेत संपतं. म्हणून माझी आई मालकिणीकडून बारीक अक्षरांचीच पानं मागून आणायची. वाचता येत नसलं तरी बारीक कुठलं नि मोठं कुठलं ते दिसत होतं की.”

“म्हणजे हडळीला कापसाचे भाव वाचायला बसवायची म्हणा.”

“त्या वर्षांतले भाव वाचून हडळसुद्धा रडली असेल,” आई म्हणाली, आणि डेल्मार मोकळेपणी हसला.

व्हर्नेलला हसू आलं नाही. मिळतील ती पानं, कशीही. तिनंच लिहिलं होतं. तिची आजी एकेक पान निवडून आणत होती, डोळ्यांजवळ धरून अक्षरांचा आकार बघत होती, आणि शिकल्यासवरल्या नातीनं त्यावर ‘महत्त्व नाही’ असा शेरा मारला होता.

आईचं हसू ओसरलं. तिनं तिन्ही निळ्या भिंतींवरून एकदा नजर फिरवली.

“काढायला कुणी सांगितलं?”

डेल्मार पातं पुसायला लागला. तसं ते स्वच्छच होतं.

“मी,” व्हर्नेल म्हणाली. “माझी सही आहे.”

“त्रेपन्न साली त्या बायकांनी पंधरा दिवसांची नोटीस तरी दिली होती,” आई म्हणाली.

ती जिन्याकडं वळली. व्हर्नेलनं हात पुढं केला तो तिनं घेतला नाही. चौदा पायऱ्या ती कठड्याला धरून एकटी उतरली.

व्हर्नेलनं डेल्मारला काम थांबवायला सांगितलं आणि तिथल्याच खुर्चीत बसून राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती, दुसरं काही नाही. ती नऊ नावं शोधायला ती कोर्टाच्या तळघरात अकरा वर्षं सुट्ट्या घालवत बसली होती. जुनी मृत्युपत्रं, खरेदीखतं, वाळवी लागलेले कागद. आणि याच खोलीत वाढलेली बाई रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून जेवत होती, तिला एक प्रश्न विचारायचं मात्र व्हर्नेलला सुचलं नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांसाठी ती बोर्डाशी भांडली. आपली आजी तिच्या हिशेबी १८३२ नंतरची होती.

म्युझियमचा डायरेक्टर टिस्डेल हा तसा सज्जन माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग कपाटातून फाइल काढून तिचाच अहवाल तिच्यासमोर ठेवला.  विषय मंगळवारच्या बोर्डापुढं ठेवतो, एवढं त्यानं कबूल केलं.

बोर्डाच्या अध्यक्षा मिसेस कॅल्होर्न यांचा आवाज कधी चढत नाही. चढवायची वेळच त्यांच्यावर आयुष्यात आलेली नाही. त्या म्हणाल्या, की अठरा वर्षं व्हर्नेलच आम्हाला बजावत आली, १८३२ म्हणजे १८३२, तिथं तडजोड नको. आता तिच्याच आजीची गोष्ट निघाल्यावर नियम बदलायचा का? बरं, पाहुण्यांनी ती खोली नऊ गुलामांची समजायची की एका स्वयंपाकिणीची? लोकांचा गोंधळ होईल.

टोमणा वर्मी लागला, कारण त्यात खोटं काही नव्हतं. व्हर्नेल म्हणाली, की हो, मी चुकले आणि माझा अहवालही चुकला. मग तिनं आपली बाजू मांडली.

“निळा रंग त्यांनी कशासाठी दिला हे मी दिवसातून दोनदा सांगणार आहे. वाईट काही आत येऊ नये म्हणून. शंभर वर्षांनी रंग विटला. मग माझ्या आजीनं त्याच कामासाठी वर कागद लावले. खोली तीच, भीती तीच, आणि पुढच्या घराचे मालकही तेच. तुम्ही याला दुसरी गोष्ट म्हणता. मला ती पुढची ओळ वाटते.”

मिसेस कॅल्होर्न यांनी हे लेखी कुठं आहे का, असं विचारलं. व्हर्नेलनं आईचं नाव सांगितलं. ते लेखी धरता येत नव्हतं.

तासाभराच्या चर्चेनंतर ठरलं ते असं, की उरलेली अर्धी भिंत एक वर्ष ‘अभ्यासासाठी’ राहू द्यावी, तिच्यापाशी पाटी लावू नये आणि पुढच्या वसंतात पुन्हा विचार व्हावा. पाटीचं ठरलं, पण गाइडांनी काय बोलायचं याची वही व्हर्नेलकडं असते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आपणहून आठवण करून देण्याइतकी व्हर्नेलही भोळी नव्हती.

घरी आईनं टोमॅटोचा लाल भात आणि कोळंबी केली होती. व्हर्नेलनं सांगितलं, की भिंत राहिली.

“अर्धी,” आई म्हणाली.

“हो. अर्धी.”

पुढचे पाच आठवडे घरात मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं झालं. उद्घाटनाला आई आली नाही. व्हर्नेलनं तिच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती, तिच्यावर शेवटी मिसेस कॅल्होर्न यांची पर्स बसली.

उद्घाटनाच्या दिवशी व्हर्नेलनं निळ्या भिंतीसमोर उभं राहून नऊ नावं वाचली. मग ती चौथ्या भिंतीकडं वळली, आणि वहीत नवीन लिहिलेलं पान सावकाश सांगितलं. हे कागद हेस्टरनं लावले. ती इथं स्वयंपाक करायची. हडळ वाचत बसावी म्हणून ती बारीक अक्षरांची पानं निवडून आणायची. अशाच कागदांच्या आणखी साडेतीन भिंती होत्या. त्या गेल्या मार्चमध्ये खरवडून काढल्या. ज्या बाईनं ‘महत्त्व नाही’ असं लिहून खाली सही केली, ती मीच. हेस्टर माझी आजी.

मागं उभ्या असलेल्या टिस्डेलची मान लाल झाली, पण त्यानं तिला थांबवलं नाही. नंतरही थांबवलं नाही, एवढं श्रेय त्याच्या पदरात टाकायला हवं. पाहुणे या ठिकाणी बहुधा आपल्या बुटांकडं बघत. हॅडनांचं पाप ऐकायची त्यांची तयारी असे, तिकीट त्याचंच काढलेलं असे; समोर उभ्या असलेल्या गाइडनं आपलं सांगावं ही त्यांना सवय नव्हती. व्हर्नेल अकराला सांगायची आणि पुन्हा दोनला. पहिले काही दिवस तिची जीभ जड व्हायची. मग सवय झाली, आणि सवय झाली याचंही तिला वाईट वाटलं.

जूनमधल्या एका शनिवारी अकराच्या गटात चर्चला घालायची जांभळी टोपी दिसली. आई टॅक्सी करून एकटीच आली होती आणि खिडकीवर रांगेत उभं राहून तिनं ज्येष्ठ नागरिकांचं तिकीट काढलं होतं. व्हर्नेलकडं तिनं अनोळखी माणसाकडं बघावं तसं पाहिलं. दिवाणखाना, जेवणघर, हिरवा रंग, सगळं शांतपणे ऐकत ती चौदा जणांबरोबर मागच्या खोलीत पोहोचली. जिन्यावर तिच्यामुळं खोळंबा झाला होता; वर कुणीतरी खुर्ची दिली ती मात्र तिनं घेतली.

व्हर्नेलनं नऊ नावं वाचली. मग ती चौथ्या भिंतीकडं वळली. एक शब्द गाळायचा नाही असं तिनं ठरवलं आणि गाळला नाही. खरवडलेल्या भिंतींचं, सहीचं, सगळं सांगितलं.

ओहायोहून आलेल्या एका बाईनं हात वर केला. बाई चांगल्या स्वभावाची दिसत होती. “पण तुम्ही आधी तुमच्या आईला का नाही विचारलं?”

“सुचलं नाही,” व्हर्नेल म्हणाली. “मी कोर्टात शोधत होते.”

 मग काठीचा आवाज झाला आणि आई खुर्चीतून उठली.

“तिची आई मी,” ती त्या बाईला म्हणाली. “तिनं विचारलं नाही, खरंय. पण मी पण पासष्ट वर्षं मूग गिळून बसले होते. माझ्या पोरीला चौकाला वळसा घालायला शिकवलं, वळसा कशासाठी ते नाही सांगितलं. सगळं काही तिच्या एकटीच्या माथी मारू नका.” मग ती व्हर्नेलकडं वळली. “हे पण वहीत घाल. अर्धंच सांगतेस रोज.”

“बरं,” व्हर्नेल म्हणाली. 

“बरं काय? विचार आता. तिकीट काढून आलेय मी.”

चौदा अनोळखी माणसं बघत होती. व्हर्नेलनं वही मिटून काखेत धरली. हजारो पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या बाईला स्वतःचा पहिला प्रश्न सापडायला वेळ लागला.

“आई, तू जन्मलीस ती जागा नेमकी कुठली?”

आईनं काठी उचलून दाखवलं. ओहायोची बाई उभी होती, बरोबर तिथं. ती बाई घाईनं बाजूला झाली, मग तिचा नवरा, मग एकेक करून बाकीचे भिंतींकडं सरकले, आणि खोलीच्या मधोमध तेवढी जागा रिकामी राहिली.